मामांचा उजवा गुडघा

हॉस्पिटलात त्यांना सगळे मामाच म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले भूल देणारे डॉक्टर मामा म्हणत, आठवड्यापूर्वी कामाला लागलेल्या नर्स मामा म्हणत, आणि स्ट्रेचरवर आडवा झालेला पेशंट पहिलं वळण यायच्या आत मामा म्हणायला लागे. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि बायकोला ठाऊक होतं. पण तीही 'अहो'वरच भागवायची, त्यामुळे ते नाव तसं कोणाच्या उपयोगी पडत नसे.

सव्वीस वर्षं काम एकच. वॉर्डातून पेशंटला उचलायचं, तपासणीच्या खोलीपर्यंत न्यायचं, आणि परत आणून त्याच्या खाटेवर अलगद ठेवायचं. वॉर्ड सगळे जुन्या इमारतीत, मशिनं सगळी नव्या इमारतीत, आणि दोन्हींच्या मधे एक लांबलचक चढ. त्यावर काळी रबरी चटई, एका बाजूला स्टीलचा कठडा. कुठलं स्ट्रेचर डावीकडे ओढतं, कुठल्याचं मागचं चाक कुरकुरतं, चटईची शिवण कुठे उचकटलीय, हे मामांना पाठ होतं. चढावर ते बोलत राहत. एमआरआयला निघालेला माणूस घाबरलेला असला की म्हणत, "अहो, नुसतं पडून राहायचंय. मशीन जरा आरडाओरडा करतं, एवढंच. तुमच्या घरी कोणी ओरडणारं असेल तर सवय असेलच!" माणूस हसे, आणि तेवढ्यात चढ संपे.

मामांचा उजवा गुडघा दीड वर्षापासून कुरकुरत होता. चढताना कमी, उतरताना जास्त. बसून उठलं की आत 'कट' असा आवाज. दिवसातून चार वेळा हाडांच्या डॉक्टरांच्या दारात पेशंट सोडायचे, पण स्वतः एकदाही आत गेले नाहीत. दाखवलं तर काहीतरी निघेल, आणि निघालं तर काम जाईल, असा त्यांचा सरळ हिशेब.

बायकोच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. ती रोपवाटिकेत कामाला होती. रोपाचं एक पान मलूल झालं तरी तिला लांबून कळे.

"अहो, जिना असे खेकड्यासारखे काय उतरताय?"

"पायऱ्या ओल्या आहेत."

"महिनाभर ओल्याच आहेत वाटतं!"

त्या दिवसापासून गुडघा तिच्यासमोर शहाण्यासारखा वागू लागला. म्हणजे मामा त्याला तसं वागायला लावत.

एके दिवशी दुपारी तो शहाणपणा संपला. वॉर्डातल्या एका आजींना, एकेकाळच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना, खुब्याच्या तपासणीसाठी न्यायचं होतं. अर्धा चढ झाला आणि उजवा गुडघा एकदम निसटला. दुखला नाही, नुसता खालून कोणी काढून घेतल्यासारखा. मामा एका गुडघ्यावर खाली आले आणि स्ट्रेचर पेशंटसकट मागे सरकून त्यांच्या छातीला भिडलं. त्यांनी दोन्ही हातांनी ते रोखून धरलं. पण उठायचं कसं? उठायला हात मोकळा हवा, आणि हात काढला तर स्ट्रेचर उताराला लागणार.

तेवढ्यात स्ट्रेचरचं वजन हलकं झालं. मामांनी वर पाहिलं. आजींनी झोपल्या झोपल्याच हात लांब करून कठडा घट्ट पकडला होता.

"मी धरलंय, मामा," त्या शांतपणे म्हणाल्या. "सावकाश उठा. मला कुठे गाडी गाठायचीय?"

मामांनी आधी चाकाचा ब्रेक लावला, मग कठड्याला धरून उठले. खालून नर्स धावत आल्या. आजींची तपासणी नीट पार पडली, पण वॉर्डात परतल्यावर त्यांनी मोठ्या सिस्टरना बोलावून बजावलं, "आता आधी यांचा गुडघा बघा. माझं नंतर बघितलंत तरी चालेल." मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ते आजींच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. माफी मागावी असं मनात होतं, तोंडातून निघालं ते "उपकार झाले तुमचे." आजी म्हणाल्या, "इतक्या जणांना वर नेलंत, एकदा कोणी तुम्हाला धरलं तर काय बिघडलं?" हे वाक्य मामांना पुढे बरेच दिवस पुरलं.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवला, दाबला, फिरवला, साधा एक्स-रे काढला आणि एमआरआय लिहून दिला. सव्वीस वर्षांत ज्या खोलीच्या उंबऱ्याशी मामा पेशंटला सोडून मागे फिरत, त्या खोलीत ते पहिल्यांदा अंगावर हॉस्पिटलचा झगा घालून गेले. आत एवढा गारठा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. पाय पुढे करून त्यांना सरकवलं. डोकं बाहेरच राहिलं, म्हणून हायसं वाटलं. पण गुडघ्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा बसला, आणि ठोके सुरू झाले: आधी दारावर कोणी हातोडा मारतंय तसे, मग शिट्टीसारखे, मग पुन्हा हातोडा. तिसऱ्या मिनिटाला नाकाचा शेंडा खाजू लागला. काचेपलीकडून मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "मामा, हलू नका हं, नाहीतर परत पहिल्यापासून." तिथे पडल्या पडल्या मामांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं, 'नुसतं पडून राहायचंय', आणि लाज वाटली. किती जणांना आपण हे ठोकून दिलं! एकालाही विचारलं नाही, थंडी वाजते का म्हणून.

रिपोर्ट शुक्रवारी हातात आला आणि हाडांचे डॉक्टर सोमवारपर्यंत रजेवर. मामांनी आयुष्यात असे हजारो लिफाफे नेऊन पोचवले, पण एकही उघडला नव्हता. हा उघडला, तोही घरी, जेवणाच्या टेबलावर.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. इंग्रजी तिचं बरं होतं. ती मोठ्यानं वाचू लागली आणि तिचा आवाज हळूहळू खाली गेला. 'डीजनरेटिव्ह'. 'टेअर'. 'कार्टिलेज लॉस, ग्रेड थ्री'. 'सिस्ट'. एकेका शब्दाचा अर्थ ती मोबाइलवर शोधत होती, आणि मोबाइल प्रत्येक शब्दामागे आणखी चार भयंकर शब्द काढून देत होता.

"म्हणजे काय काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"झिजलंय, फाटलंय, गेलंय, आणि गाठ आहे," मुलगी म्हणाली आणि रडवेली झाली.

शनिवारी मामांचा मेहुणा आला. जगातला कुठलाही आजार त्याच्या ऑफिसातल्या कोणाला ना कोणाला होऊन गेलेला असे. त्यानं गुडघ्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला, "वंगण संपलं. आमच्या एकाची अख्खी वाटी बदलली. तोवर पाय बिलकुल हलवायचा नाही, भावजी. जेवढं चालाल तेवढं घासेल."

मामांनी ते शब्दशः पाळलं. दोन दिवस उशीवर पाय ठेवून पडून राहिले. पाणी हवं तर हाक मारली. रविवारी दुपारपर्यंत गुडघा असा आखडला की मोरीपर्यंत जातानाही भिंत धरावी लागली. बायको आधी थट्टा करत होती, "आता तुम्हाला मी ढकलू का? बक्षीस काय द्याल?" मग ती भांडी घासायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता. मामा ते ऐकत पडून राहिले. 'लॉस' या एका शब्दानं त्यांना घेरलं होतं. गेलं म्हणजे गेलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. ती आता घरात पडून काढायची, आणि त्यानंतरचीही.

सोमवारी डॉक्टरांपुढे रांग होती. त्यांनी फिल्म वर धरली, रिपोर्टवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ऑपरेशन नको. व्यायाम करायचा, वजन उतरवायचं, दुखलं तर गोळी घ्यायची. तीन महिन्यांनी दाखवा." दोन मिनिटांत मामा बाहेर. सल्ला सोन्यासारखा होता, हे त्यांना पुढे कळलं. त्या घडीला त्यांनी उलटाच अर्थ काढला. एवढं फाटलेलं असून ऑपरेशन नाही म्हणतात, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय. असल्या वेळी डॉक्टर कसे थोडक्यात बोलतात, ते मामांनी व्हरांड्यात उभं राहून पुष्कळदा पाहिलं होतं.

रिपोर्टच्या तळाशी एक सही होती. ती मामांच्या ओळखीची होती. एमआरआयच्या मागे एक खोली होती, खिडक्यांचे पडदे ओढलेली, संगणकाच्या दोन मोठ्या पडद्यांच्या उजेडावर चालणारी. तिथे बसून एक मॅडम दिवसभर फोटो वाचत आणि रिपोर्ट लिहीत. पेशंटना त्या आहेत हेही ठाऊक नसे. मामा नऊ वर्षं त्यांच्या टेबलावर फायली ठेवत आले होते आणि नऊ वर्षांत दोघांचं बोलणं 'ठेवा' आणि 'ठेवली' याच्या पलीकडे गेलं नव्हतं.

त्या दिवशी फाइल ठेवून मामा निघाले नाहीत. दाराशीच घुटमळले.

"मामा, बसा," मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. मग खुर्ची वळवली. "शुक्रवारचा उजवा गुडघा तुमचा ना? घरी वाचलात?"

"मुलीनं वाचला."

"मग शनिवार-रविवार वाया गेला असेल," त्या म्हणाल्या. "मी लिहिते डॉक्टरांसाठी, आणि वाचतं घरचं माणूस. या इकडे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

मामांनी खुर्ची ओढली. पडद्यावर काळं, पांढरं, राखाडी काहीतरी उमटलं.

"हे वरचं मांडीचं हाड. खालचं नडगीचं. ही पुढे वाटी. आता हाडांच्या टोकांवर ही राखाडी पट्टी बघा, दुधावर साय धरते तशी. ही कूर्चा. हिच्यामुळे हाड हाडावर न घासता घसरतं."

"माझी गेली ना ती?"

"गेली असती तर दिसली असती का? पातळ झालीय. इथे, वाटीच्या मागे, आणि थोडी इथे आतल्या बाजूला."

"ग्रेड तीन लिहिलंय. चारपैकी तीन. म्हणजे पाऊण गेली."

मॅडम हसल्या. "परीक्षेचे मार्क नाहीत ते. चार म्हणजे हाड उघडं पडलं. तुमचं कुठेही उघडं नाही. आणि हा तीनचा आकडा या नखाएवढ्या जागेचा आहे, अख्ख्या गुडघ्याचा नाही."

मामांनी आपल्या अंगठ्याचं नख पाहिलं, मग पडदा पाहिला.

"आणि फाटलंय ते?"

"ही काळी तिकोनी चकती दोन हाडांमधली गादी. तिच्यात ही पांढरी रेघ दिसते? तिला आम्ही 'टेअर' लिहितो. पण कोणी ओढून फाडल्यासारखं नाही हे. जुन्या शर्टाची कॉलर कशी विरते, तसं. पन्नाशीच्या पुढे पुष्कळांच्या गादीत अशी रेघ सापडते, गुडघा कधीच न दुखलेल्यांच्यासुद्धा. माझ्या डाव्या गुडघ्यात आहे, मी बघितलीय."

"तुमच्या?"

"आणि मी रोज चार जिने चढते."

गाठीचं विचारायला मामांची जीभ रेटेना. मॅडमनीच विषय काढला. ती कसलीही वाईट गाठ नव्हती. गुडघा चिडला की आत पाणी जास्त सुटतं आणि मागच्या बाजूला छोट्या पिशवीत साठतं. चिडणं कमी झालं की बहुधा तेही कमी होतं.

"मग दुखतं कशानं?" मामांनी विचारलं. "आणि परवा तो निसटला का?"

"कूर्चेत नसा नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्या शेजारचं: हाड, आतलं अस्तर, ताणलेले स्नायू. आणि निसटला बहुतेक मांडीनं हात टेकले म्हणून. तुम्ही दीड वर्ष त्या पायावर भार टाकायचं टाळलंत, तशी मांडी अशक्त झाली. एक सांगू? दुखणं या फोटोत दिसत नाही. याहून वाईट फोटोवाले लोक टेकड्या चढतात, आणि याहून चांगले फोटोवाले खाटेला खिळलेले मी पाहिलेत."

मामांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "साय परत धरेल?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गोड करून सांगितलं नाही, आणि मामांना तेच बरं वाटलं. "पातळ झाली ती होती तशी होत नाही. तिला रक्त पोचत नाही. पण आहे ती टिकवता येते. तिचं खाणं सांध्यातल्या पाण्यातून येतं. पाऊल टाकलं की ती दबते, उचललं की स्पंजासारखी पाणी ओढून घेते. चालणं म्हणजे तिचं जेवण. शनिवार-रविवार काय केलंत?"

"पडून होतो. पाय उशीवर."

"म्हणजे दोन दिवस उपाशी ठेवलंत तिला."

मामा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. खोलीत अंधार होता ते बरं झालं.

"आता हे बघा," मॅडमनी पुढचा फोटो काढला. "हे दोन दोर सांध्याला बांधून ठेवणारे, शाबूत. बाहेरच्या बाजूची गादी नव्यासारखी. बाहेरची कूर्चा चांगली जाड. हेही लिहिलंय मी. दुसऱ्या पानावर 'नॉर्मल' हा शब्द सात वेळा आहे. घरात कोणी वाचला?"

कोणीही वाचला नव्हता. दुसऱ्या पानापर्यंत घर पोचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलीनं रिपोर्ट पुन्हा उघडला आणि हिरव्या पेननं सातही 'नॉर्मल'खाली रेघा ओढल्या. मामांनी बायकोला साय, गादी, पाण्याची पिशवी असं सगळं समजावलं. सांगताना हात असे चालत होते की जणू रिपोर्ट त्यांनीच लिहिलाय. बायको सगळं ऐकून म्हणाली, "एवढ्याचसाठी मला रविवारी रडवलंत!" आणि कपाळावर हात मारून घेतला. मेहुण्याला फोन करून कळवण्यात आलं की वंगण जागेवर आहे.

मग आल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई. त्यांनी टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन सेंटिमीटर बारीक निघाली. मामांना आश्चर्य वाटलं. रोज अंघोळ करतो, पण मांड्यांची तुलना कोण करतो! खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा. भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली सरकायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रोज चालायचं. आणि वजन: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलोंचा भार हलका होतो, असं ताईंनी सांगितल्यावर मामांनी कँटीनमधल्या तळलेल्या पदार्थांकडे पाठ फिरवली. निदान बसताना तरी. वास यायचा तो यायचाच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मामांनी भिंतीचा व्यायाम दुप्पट केला, गुडघा सुजला आणि त्यांनी ताईंना सांगून टाकलं की हे काही आपल्याच्यानं होणार नाही. ताईंनी शांतपणे हिशेब दिला: व्यायामानं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवा, नाही निवळलं तर थोडं कमी करा, पण बंद करू नका. बायकोनं त्याच दिवसापासून शेजारी खुर्ची ओढली. रोपवाटिकेत दिवसभर उकिडवं बसून तिचेही गुडघे बोलायला लागले होते. तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मामांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांना ओशाळल्यासारखं झालं. दीड वर्ष आपण आपलं लपवत होतो, आणि ही स्वतःचं लपवून आपलं शोधत होती.

हॉस्पिटलनंही सांभाळून घेतलं. मोठ्या सिस्टरनी वरपर्यंत जाऊन सांगितलं, आणि चढावर स्ट्रेचर नेताना दोन माणसं असलीच पाहिजेत असा नियम झाला. तो नुसता मामांपुरता नव्हता, सगळ्यांसाठी होता. पहिले तीन महिने मामांना स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकापाशी बसवलं. तिथे ते प्रत्येकाला आधी पांघरूण देत. म्हणत, "अर्धा तास हलायचं नाही, आणि ते सोपं नाही. नाक खाजवून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या." आणि कोणी लिफाफा हातात घेऊन पांढरा पडलेला दिसला की हळूच सांगत, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोबाइलला विचारू नका. आणि दुसरं पान वाचा."

चौथ्या महिन्यात टेपवरचा फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला आणि काट्यावर सहा किलो कमी भरले. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला, फोटो पुन्हा काढायची गरज नाही म्हणाले. त्या दिवशी मामा पडद्यांच्या खोलीत गेले ते एक कुंडी घेऊन. बायकोनं मुद्दाम निवडून दिली होती, कमी उजेडात जगणारं, जाड गडद पानांचं रोप.

"हे कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"आभार मानायला आलोय. बायको म्हणाली, नुसतं तोंडी नको."

मॅडमनी कुंडी दोन पडद्यांच्या मधे ठेवली. "नऊ वर्षं मी इथे बसते, मामा," त्या म्हणाल्या. "मी हजारो गुडघे ओळखते. गुडघ्याच्या वरचं माणूस आभार मानायला पहिल्यांदा आलं."

मामा नंतरची दोन वर्षं काम करून नीट निवृत्त झाले. गुडघा आजही पूर्ण मुका झालेला नाही. थंडी पडली की बोलतो, जिना उतरताना एखादा शब्द टाकतो. मामा जमिनीवर बसायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि बाजारातून पिशव्या आणायच्या तर दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या. रोज सकाळी तळ्याभोवतीच्या वाटेला जाऊन येतात. निघण्याआधी खुर्चीवर बसून बूट चढवताना उजव्या वाटीवर तळवा ठेवायची त्यांना सवय लागलीय. इतकी वर्षं माझ्यासकट लोकांचा भार वाहिलास, आणि कुरकुरलास तो मी ऐकलं नाही म्हणून, असं काहीसं पुटपुटतात.

परवा बायकोनं दारातूनच विचारलं, "कोणाशी चाललंय बोलणं?"

"गुडघ्याशी. आभार मानतोय."

"मग माझ्या दोन्ही गुडघ्यांनाही निरोप द्या," ती चपला पायात सरकवत म्हणाली, "आणि चला आता, ऊन चढतंय."